गवत कापायचं मशीन श्वास घेतल्यासारखं वर-खाली चालतंय, कार्बोरेटर खोलू का?

गवतगुलाम

नमस्कार मंडळी. माझ्याकडे ढकलत न्यायचं, पेट्रोलवर चालणारं गवत कापायचं मशीन आहे. एक सिलिंडर, फोर स्ट्रोक, १६० सीसी, उभा शाफ्ट, खाली पातं. नऊ वर्षं झाली. तेल बदलणं सोडलं तर मी कधी त्याच्या वाटेला गेलो नाही आणि तेही माझ्या वाटेला आलं नाही.

मधे साडेचार महिने ते नुसतं पडून होतं, अर्धी टाकी पेट्रोलसकट. (हो, माहीत आहे. ओरडून झालं असेल तर पुढे वाचा.) परवा बाहेर काढलं. आठ-दहा वेळा दोरी ओढल्यावर सुरू झालं, पण काय ते चालणं! एकदम जोरात उठतं, मग मरतंय-मरतंय असं वाटेपर्यंत खाली येतं, की पुन्हा उठतं. मला तालाचा थोडा कान आहे, म्हणून मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून मोजलं. अडीच सेकंदांचं एक आवर्तन, दर वेळी तेवढंच. गवतात घातलं की हे वर-खाली होणं कमी होतं, पण मशीनमध्ये जीव नसतो. दाट गवत आलं की गुदमरतं.

या आवर्तनाच्या पोटात आणखी एक भानगड ऐकू येते. मधूनच एखादा ठोका गळतो. त्याला मात्र काही लय नाही, कधी चार सेकंदांनी, कधी लागोपाठ दोनदा.

आतापर्यंत प्लग नवा टाकला, गॅप ०.७५ मिमी ठेवला. फोमचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, तेलाचं बोट फिरवून बसवला. जुनं पेट्रोल काढून नवं भरलं. तेलाची पातळी बरोबर आहे. फरक पडला म्हणावा तर पडला, नाही म्हणावा तर नाही.

आणि हो, दोरी ओढताना ती कधी कधी हिसका मारून हातातून परत आत जाते, बोटं झिणझिणतात. पण ते माझ्या ओढण्यातलंच काहीतरी असेल. मशीन थरथरतंही बरंच. जुनं झालंय.

प्रश्न इतकाच, की कार्बोरेटर खोलू का? आयुष्यात कधी खोललेला नाही.

---

उंटावरचा शहाणा

पिस्टनच्या रिंगा गेल्या. नऊ वर्षं म्हणजे खूप झाली. जोर नाही म्हणताय म्हणजे कॉम्प्रेशन नाही, सिलिंडरमध्ये दाब धरत नाही. इंजिन उतरवा, नाहीतर सरळ नवीन घ्या.

---

जुना पाना

शहाणे, कॉम्प्रेशन नसतं तर दोरी हातातून हिसकली असती का? ज्या इंजिनात रिंगा संपतात त्याची दोरी लोण्यातून सुरी जावी तशी येते. शिवाय निळा धूर हवा, तेल कमी होत जायला हवं. यांचं तेल जागेवर आहे आणि धुराचा यांनी उल्लेखही केलेला नाही. इंजिन एवढ्यात उतरवू नका.

गवतगुलाम, तुमचं ते अडीच सेकंदांचं आवर्तन ओळखीचं आहे. आमच्याकडे त्याला ‘हंटिंग’ म्हणतात. इंजिनाला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळाली, की वेग पडतो. वेग पडला की गव्हर्नर, म्हणजे वेग सारखा ठेवणारी यंत्रणा, थ्रॉटल (कार्बोरेटरमधली झडप) उघडतो. थ्रॉटल उघडला की मोठ्या जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकातून, पेट्रोल येतं आणि इंजिन उठतं. उठलं की गव्हर्नर थ्रॉटल मिटतो, आता पेट्रोल द्यायची जबाबदारी छोट्या जेटवर येते, आणि तिथे वाट बुजलेली असल्यामुळे इंजिन पुन्हा पडतं. म्हणजे गव्हर्नर त्याचं काम इमानदारीत करतोय. लोक नेमका त्याच्याच स्प्रिंगला पक्कड लावतात आणि एकाच्या दोन तक्रारी करून ठेवतात. तिला हात लावू नका.

खोलण्याआधी इंजिनालाच विचारा. गरम झालं, वर-खाली करायला लागलं, की चोक हळूहळू अर्ध्यापर्यंत ओढा. चोकने हवा अडते, आतला ओढा वाढतो आणि पेट्रोल जास्त खेचलं जातं. अर्ध्या चोकवर आवाज सरळ झाला तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी चोरटी हवा शिरतेय. आणखी बिघडून काळा धूर आला तर उलट, पेट्रोल आधीच जास्त होतंय, तेव्हा फिल्टर आणि फ्लोटकडे (कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता तुकडा) बघायचं.

एक आणखी, फुकटचं. टाकीचं झाकण जरा सैल करून चालवून बघा. झाकणाला हवा आत घ्यायला बारीक भोक असतं. ते बुजलं तर टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही. त्यात मशीन आधी पाच-दहा मिनिटं नीट चालतं आणि मग मरतं, तुमचं तसं दिसत नाही. पण झाकण सैल करायला पाना लागत नाही.

---

चौथा ठोका

वरच्याला अनुमोदन. भर एवढीच, चोकवर सुधारलं तर जेटवर झडप घालायच्या आधी कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं पॅकिंग तपासा. साध्या पाण्याची स्प्रेची बाटली घ्या, मशीन चालू असताना त्या जोडावर बारीक फवारा मारा. हवा शिरत असेल तर पाणी क्षणभर फट बुजवतं आणि आवाज बदलतो. लोक कार्ब क्लीनर मारून बघतात. सायलेन्सर हातभर अंतरावर तापलेला असताना ज्वालाग्राही फवारा मारायची हौस मला नाही.

तो लय नसलेला ठोका आणि दोरीचा हिसका, यावर नंतर बोलू. आधी चोक.

---

गवतगुलाम

केलं. झाकण सैल करून काही फरक नाही. पाण्याच्या फवाऱ्यानेही नाही. अर्ध्या चोकवर मात्र वर-खाली होणं जादू केल्यासारखं थांबलं! चोक सोडला की पुन्हा सुरू. तीनदा करून बघितलं.

पण तो गळणारा ठोका अर्ध्या चोकवरही गळतोच. उलट आता मागचा गोंधळ थांबल्यामुळे जास्त स्पष्ट ऐकू येतो.

---

जुना पाना

म्हणजे जेट. तुमच्या त्या साडेचार महिन्यांत फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल हळूहळू उडून गेलं आणि खाली चिकट राळ राहिली. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल तर ते हवेतला ओलावाही धरतं, आणि पाणी फार झालं की इथेनॉल-पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं, म्हणजे वाटीतच. टाकी रिकामी करून नवं पेट्रोल भरलंत, पण ही राळ काही नव्या पेट्रोलने धुऊन निघत नाही.

आता खोला. आधी प्लगची टोपी काढून लांब बाजूला करा, पात्याजवळ हात जाणार असो वा नसो. पेट्रोलचा नळ बंद करा, नळ नसेल तर नळीला चिमटा लावा. सगळं उघड्यावर करा. मशीन आडवं करायची वेळ आली तर कार्बोरेटरची बाजू नेहमी वर, नाहीतर तेल फिल्टरमध्ये शिरेल आणि पुढचा धागा ‘मशीन पांढरा धूर ओकतंय’ असा निघेल.

काहीही सुटं करायच्या आधी फोटो काढा. विशेषतः गव्हर्नरच्या दांडीचे आणि तिच्या बारक्या स्प्रिंगचे, कोणतं टोक कोणत्या भोकात ते दिसेल असे. पॅकिंग आणि मधला प्लास्टिकचा ठोकळा कुठल्या क्रमाने, कुठली बाजू बाहेर, त्याचेही. काही पॅकिंगला एक जास्तीचं भोक असतं, वाटीला हवा त्यातून मिळते. उलटं बसलं तर सगळी मेहनत पाण्यात.

मोठा जेट मधल्या खांबात असतो, वाटी काढली की खालून दिसतो. त्याचं भोक साधारण ०.६ ते ०.७ मिमी. छोटा, म्हणजे पायलट जेट, त्याच्याही निम्मा. विजेच्या मऊ वायरची एकच तार वापरा. सुई, ड्रिल, गिटारची तार असलं काही नको, पितळेवर ओरखडा पडला की भोक मोठं झालं समजा. आणि कार्ब क्लीनर मारण्याआधी रबराची रिंग आणि फ्लोट बाजूला काढा, रबर फुगलं की परत खाचेत बसत नाही.

---

गवतगुलाम

लांब लिहितोय, कारण मला स्वतःचंच कौतुक वाटतंय.

वाटीखाली १० चा एक बोल्ट. सैल केला तर पेट्रोल आलं, तळाला चहाच्या रंगाचं. वाटी काढली. आत कडेने पिवळट कडा धरलेली, नखाने खरवडली तर मेणासारखी सुटत होती. तळाशी तीन-चार थेंब असे, की पेट्रोलमध्ये मिसळतच नव्हते, गोळीसारखे इकडून तिकडे पळत होते. हेच ते पाणी, नाही का?

मोठा जेट चपट्या स्क्रू ड्रायव्हरने निघाला. त्याच्यामागून एक पितळी नळी आपणहून हातात पडली, अंगभर बारीक भोकं असलेली. ती तिथे आहे हे मला माहीतच नव्हतं, खाली ताट धरलं नसतं तर गवतात गेली असती. जेट उजेडाकडे धरला. भोक दिसलं, पण गोल नाही, चंद्रकोरीसारखं. अर्ध्यावर राळ.

पायलट जेट सापडायला मात्र तासभर गेला. पितळी काहीतरी शोधत होतो आणि तो निघाला वरच्या बाजूला, आयडलच्या स्क्रूखाली, काळ्या प्लास्टिकचा, नुसता दाबून बसवलेला. स्क्रू किती फेरे आत होता ते आधी मोजून लिहून ठेवलं. जेट हलक्या हाताने उचकटला, उजेडाकडे धरला आणि काही म्हणजे काही दिसेना. मला वाटलं, भोक दुसऱ्या बाजूला असेल. फिरवून बघितला. मग कळलं, की भोक इथेच आहे, बुजलेलं आहे.

क्लीनरमध्ये रात्रभर भिजवला. सकाळी वायर सोलून तिची एक तार काढली. पहिल्यांदा जाईना, वाकत होती. चौथ्या-पाचव्या खेपेला एकदम सटकन आत गेली आणि उजेडाचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसला. एवढ्याशा ठिपक्यासाठी एवढं सगळं!

पितळी नळीची सगळी भोकं मोकळी केली, वाटी पुसली, फोटो बघत बघत सगळं परत बसवलं. पॅकिंग एकदा उलटं बसवलंच होतं, फोटोमुळे कळलं.

तिसऱ्या दोरीला सुरू. चोक काढला. आवाज सरळ, अडीच सेकंदांचं आवर्तन साफ गेलं.

पण. गळणारा ठोका आहे, थरथर आहे, आणि आज दोरीने असा हिसका मारला की अंगठ्याजवळ वळ उठलाय. प्लगची टोपी दाबून बसवली, वायर कुठे घासलेली नाही.

---

चौथा ठोका

आता माझा प्रश्न. खरं सांगा, मशीन ठेवून देण्याआधी ते कशावर आदळलं होतं का?

---

गवतगुलाम

...हो.

शेवटच्या कापणीला. झाडाचं मूळ, जमिनीतून वर आलेलं, गवतात दिसलं नाही. ठाण्ण आवाज झाला आणि मशीन जागच्या जागी बंद पडलं. मी खाली वाकून बघितलं, पातं जागेवर होतं, म्हटलं वाचलो. तसंच उचलून ठेवून दिलं. त्याचा आणि याचा संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही, कारण मधे साडेचार महिने गेले.

---

चौथा ठोका

म्हणजे तुमचे आजार दोन आहेत, मशीन पडून राहिलं म्हणून एक आणि आदळलं म्हणून दुसरा. दोन्ही एकाच दिवशी बोलायला लागले, त्यामुळे तुम्ही ते एकातच धरलेत.

दोरीखालचं झाकण काढलं की वर फ्लायव्हील दिसेल, त्याच्या कडेला लोहचुंबक. तो चुंबक कॉइलसमोरून (ठिणगीची वीज तयार करणारी तारेची गुंडाळी) जातो तेव्हा ठिणगी पडते. ठिणगी पिस्टन वर पोचण्याच्या थोडी आधी पडायला हवी, अशा इंजिनांत साधारण २० ते २५ अंश आधी. फ्लायव्हील शाफ्टवर नेमकं कुठे बसायचं हे ठरवायला दोघांच्या खाचेत एक बारकी ‘की’, म्हणजे धातूची पाचर, असते.

पातं मुळावर आदळलं, शाफ्ट जागेवर थांबला. वरचं जड फ्लायव्हील मात्र आपल्या वेगात पुढे जायला बघत होतं. की कातरली, फ्लायव्हील थोडं पुढे सरकलं. आता चुंबक कॉइलसमोर लवकर येतो, म्हणजे ठिणगी लवकर पडते, पिस्टन अजून वर चढत असतानाच. तो स्फोट पिस्टनला उलटा ढकलतो, आणि तो धक्का दोरीतून तुमच्या अंगठ्यापर्यंत येतो. तुमच्या ओढण्यात काही खोट नाही. तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये हे लिहिलं होतं आणि स्वतःच खोडलं होतं.

काही इंजिनांत ही की मुद्दाम मऊ धातूची देतात, की शाफ्ट वाचावा. पूर्ण तुटली तर बहुधा इंजिन सुरूच होत नाही. तुमची अर्धवट कातरली असावी.

नट सैल करताना फ्लायव्हीलच्या पंख्याच्या पात्यांत स्क्रू ड्रायव्हर अडकवू नका, तुटतात. पट्ट्याचा पाना वापरा. हँडलवरची दांडी सोडली की फ्लायव्हीलला ब्रेक लागतो, तो आधी मागे बांधून ठेवा. काढताना पुलर, म्हणजे बोल्ट आवळून ओढून काढायचं साधन. हातोडा नको.

---

उंटावरचा शहाणा

मी म्हटलंच होतं की इंजिन खोलावं लागेल.

---

जुना पाना

शहाणे, तुम्ही रिंगा म्हणाला होतात.

गवतगुलाम, मला हे आधीच सुचायला हवं होतं. दोरीचा हिसका मी कॉम्प्रेशनचा पुरावा म्हणून वापरला आणि पुढे गेलो. चौथ्या ठोक्याचं बरोबर आहे.

एक सांगतो, फ्लायव्हील धरून ठेवणं हे कीचं काम नाही. ती फक्त जागा दाखवते. पकड असते ती शाफ्टच्या निमुळत्या भागाची आणि नटच्या ताकदीची. तेव्हा बसवताना शाफ्ट आणि फ्लायव्हीलचं भोक दोन्ही कोरडं पुसा, तेलाचा थेंबही नको, आणि नट तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कलाच (पिळाच्या जोरालाच) आवळा, अंदाजाने नाही. नाहीतर नवी कीही अशीच कातरेल.

कॉइल सैल केलीत तर तिच्या आणि चुंबकाच्या मधलं अंतर पुन्हा लावावं लागेल. बऱ्याच इंजिनांना ०.२५ ते ०.३५ मिमीच्या आसपास लागतं. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर जाडसर व्हिजिटिंग कार्ड मधे घालायचं, कॉइल चुंबकाला चिकटू द्यायची, स्क्रू आवळायचे, कार्ड ओढून काढायचं.

आणि पातं उतरवा. थरथर तिथूनही असू शकते. मधल्या भोकाने भिंतीतल्या खिळ्याला अडकवा. जी बाजू खाली जाईल ती जड, तिथे कानस मारायची, दोन्ही बाजू समान राहीपर्यंत. शेवटचं आणि महत्त्वाचं, शाफ्ट वाकला नाही ना ते बघा. प्लग पूर्ण काढून दोरी हळू ओढायची आणि दुसऱ्या कोणीतरी लांबून शाफ्टच्या खालच्या टोकावर नजर ठेवायची. टोक जागच्या जागी फिरलं तर ठीक. छोटं वर्तुळ काढत फिरलं तर शाफ्ट वाकलाय, मग मशीन चालवू नका.

---

गवतगुलाम

फ्लायव्हील निघालं. पुलरचा बोल्ट आवळत गेलो, काहीच होईना, हात थांबवला आणि तेवढ्यात टण्ण करून आपणहून सुटलं. दचकलो.

कीची कथा. वरून बघताना वाटलं चांगली आहे. चिमट्याने काढून तळहातावर घेतली तर मधोमध पायरी पडलेली. अर्धी एका रेषेत, अर्धी जेमतेम एक मिलिमीटर बाजूला. एक मिलिमीटर! फोटोत धड दिसतही नाही, बोट फिरवलं की कळतं. शाफ्टवर खाचेच्या कडेला बारीक चकचकीत ओरखडा होता, तो बघून घाबरलो, पण नखाला लागत नाही.

नवी की इंजिनाच्या नंबरवरून मागवली होती. मी आधी जुन्या लोखंडी तुकड्याला कानस मारून तशीच करणार होतो. मग आठवलं, की ती मऊ का असते. राहू दिलं.

पातं खिळ्याला लटकवलं तर एक बाजू दणकन खाली. मुळावर आदळलेलं टोक वर मुडपलेलंही होतं, त्यामुळे कानस न मारता पातंच नवं लावलं. शाफ्ट मुलीने बघितला. ती पोटावर झोपून, मोबाइलचा कॅमेरा मोठा करून. ‘बाबा, ते हलत नाहीये, नुसतं फिरतंय,’ म्हणाली. तरी दोनदा ओढायला लावलं तिने.

सगळं बसवलं. दोरी ओढताना सवयीने अंगठा आत मुडपून घेतला होता. दुसऱ्या ओढीला सुरू, हिसका नाही. पाच मिनिटं नुसता उभा राहून ऐकत होतो. एकही ठोका गळला नाही. पुन्हा रेकॉर्ड केलं, आधीच्या रेकॉर्डिंगच्या लगोलग लावून ऐकलं. आधीच्यात तिसरा-चौथा सेकंद असा आहे, की आता ऐकताना मलाच दम लागतो.

थरथर नव्वद टक्के गेली. उरलेली हँडलच्या नटांची होती, दोन सैल होते.

मागच्या बाजूचं दाट गवत एका दमात कापलं, कुठे गुदमरलं नाही. त्या मुळाभोवती चार खुंट्या ठोकून दोरी बांधली आहे. तिथलं गवत कात्रीने.

---

चौथा ठोका

मस्त. आता पुढच्या वेळी ठेवून देताना पेट्रोलचा नळ बंद करून मशीन आपणहून बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे वाटी रिकामी होईल. आणि पहिले चार-पाच तास चालवल्यावर फ्लायव्हीलच्या नटाला एकदा टॉर्क पाना लावून बघा.

---

गवतगुलाम

नळ आहे का, ते बघतो. नऊ वर्षांत कधी बघितलं नाही.

आहे. उजव्या बाजूला, टाकीखाली.